दोन फुटी रोबो घेताय? आधी त्याचा खुबा तपासा

पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला येताना मांडीवर हा एवढा खोका घेऊन बसलं की डब्यातले लोक विचारणारच, "टीव्ही घेतला काय?" रोबो आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पोरगं केवढं आहे?" पोरगं नाही, रोबो माझाच आहे, हे सांगायचा धीर मला पहिल्या खेपेला कुर्डुवाडी गेली तरी झाला नव्हता.

हा लेख अशाच धीर न झालेल्यांसाठी. तळहाताएवढे रोबो जमवून झालेत आणि आता एखादा दांडगा, शहरात किंवा लष्करी तळात बदलणारा संच घ्यायची इच्छा आहे, पण तो चांगला की वाईट हे ओळखायचं कसं, तेच कळत नाही. उंचीवर आणि खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका. एवढ्या मोठ्या रोबोची खरी किंमत दोन गोष्टींवर ठरते: स्वतःचं वजन तो खुब्यावर आणि घोट्यावर पेलतो का, आणि उघडून पुन्हा नीट मिटवता येतो का. बाकी सगळं त्याच्या मागून.

थोडी पार्श्वभूमी. ट्रान्सफॉर्मर्स ही रूप बदलणाऱ्या रोबो-खेळण्यांची मालिका १९८४ साली अमेरिकेत आली, ती जपानच्या ताकारा कंपनीच्या आधीच्याच साच्यांवर. १९८६ चा मेट्रोप्लेक्स आणि १९८७ चा फोर्ट्रेस मॅक्सिमस हे 'रोबो म्हणजेच शहर' या कल्पनेतले गाजलेले संच. फोर्ट्रेस मॅक्सिमस उंचीला जवळपास दोन फूट. त्याचं डोकं काढलं की त्याचा वेगळा रोबो होतो, आणि त्या रोबोचं डोकं काढलं की त्यातून आणखी एक छोटा माणूस निघतो. डबीत डबी, तिच्यात डबी. २०१३ मध्ये नव्याने आलेला मेट्रोप्लेक्सही दोन फुटांच्या घरातला. हल्ली या मापाच्या संचांना 'टायटन' म्हणतात. खाली जे सांगतोय ते कुठल्याही कंपनीच्या मोठ्या रोबोला लागू पडेल.

पायरी १ : जमवणारे की खोलणारे?

आमच्या चौघा-पाचांच्या कंपूत दोनच जाती आहेत. जमवणारे आणि खोलणारे. जमवणाऱ्याला खोका, माहितीपत्रक, न चिकटवलेले स्टिकर, सगळ्या बंदुका हव्यात. खोलणाऱ्याला साचा चांगला हवा, रंग गेला तरी चालेल, उलट गेलेला बरा. त्यामुळे एकाच वस्तूची किंमत दोघांसाठी वेगळी. पिवळा पडलेला, स्टिकर उखडलेला पण सांधे कडक असलेला रोबो जमवणाऱ्याने सोडावा आणि खोलणाऱ्याने घासाघीस करून उचलावा. आपण कोण हे घरीच ठरवा. दुकानात ठरवायला गेलं की खिसा ठरवतो.

पहिल्यांदाच खोलणार असाल तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मिळतो तसला एखादा स्वस्त रोबो आधी घ्या. तो खोला, रंगवा, बिघडवा. माझे पहिले तीन तसेच गेले.

पायरी २ : पैसे देण्याआधी

नवा संच भारतात अधिकृतपणे आलेला असेल तर खोक्यावर आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक असतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. परवाना क्रमांक खरा की खोटा ते 'बीआयएस केअर' ॲपवर पाहता येतं. बाहेरून मागवणार असाल तर आयात शुल्काचा हिशेब आधी करा. ते २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. परदेशी साइटवरची किंमत पाहून हुरळून जाऊ नका, एवढंच.

जुना, वापरलेला घेताना विकणाऱ्याकडून या चार गोष्टी मागा: तळपायांचा फोटो, पाठीचा फोटो, सेलचा कप्पा उघडून फोटो, आणि दोन्ही हात आडवे करून कशाचाही टेकू न देता उभ्या असलेल्या रोबोचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. पुढून काढलेले दहा देखणे फोटो काही उपयोगाचे नाहीत. व्हिडिओला टाळाटाळ झाली तर समजायचं की गडी उभा राहत नाही.

आणि कपाट मोजा. उंची सगळे मोजतात, खोली कोणी मोजत नाही. शहर झालेला रोबो आडवा पसरतो आणि आपल्या शोकेसची फळी जेमतेम फूटभर असते.

पायरी ३ : खोका उघडताना

पार्सल असेल तर मोबाइल उभा करून, टेप कापण्यापासून सलग व्हिडिओ घ्या. तुटका भाग निघाला तर तोच पुरावा.

खाली सोलापुरी चादर अंथरा. टॉवेल नको. इथे घरोघरी टॉवेलच जास्त, म्हणून मीही पहिल्यांदा तोच घेतला, आणि त्याच्या सुताच्या फाशांत एक तांदळाएवढी स्प्रिंग अशी रुतली की टॉवेल गच्चीवर नेऊन झटकावा लागला. चादरीचं विणकाम घट्ट असतं. स्क्रू घरंगळत नाही आणि हरवतही नाही.

माहितीपत्रकातल्या चित्राशी एकेक भाग ताडून मोजा. मोठ्या संचात हरवतात त्या बारीक वस्तू: छोटा माणूस, डोक्याची ढाल, रडारची तबकडी, उताराची पट्टी. मुख्य रोबो सहसा शाबूत असतो. पण नंतर तेवढी एक तबकडी शोधायला गेलात की तिच्या किमतीत नवा छोटा रोबो येतो.

पायरी ४ : सांधे

इथे घाई नको. निदान पाऊण तास काढा.

शाळेच्या विज्ञानात उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकलो होतो, तेच इथे आहेत. त्यांच्या जोडीला तिसरा, रॅचेट, म्हणजे आत दातेरी चाक आणि स्प्रिंग असलेला सांधा. हलवला की कट्-कट् वाजतो. मोठ्या रोबोच्या खुब्यात आणि खांद्यात रॅचेटच हवा. नुसत्या घर्षणावर चाललेला खुबा या वजनाला वर्षभरात ढिला पडतो.

रोबोला चादरीवर उताणा झोपवा. एक पाय हळूहळू नव्वद अंशांपर्यंत उचला आणि कान द्या. प्रत्येक कट् सारखा वाजला पाहिजे. मध्येच एखादा मऊ वाजला किंवा गाळलाच गेला तर तिथला दात झिजलाय. आता दुसरा पाय तसाच. दोन्हींचा आवाज वेगळा आला तर रोबो एका बाजूला कलणार हे धरून चाला. दातांमधलं अंतरही पाहा. दात फार विरळ असले तर पाय एक तर जास्त पुढे नाही तर जास्त मागे बसतो, मधली हवी ती जागा मिळतच नाही.

मग उभा करा. पाय खांद्याच्या रुंदीएवढे फाकवा आणि तळपायाच्या आतल्या कडेखाली वहीचा कागद सरकवून पाहा, मग बाहेरच्या कडेखाली. एका बाजूने कागद सरळ आत गेला तर घोटा आडवा कलत नाही, रोबो तळव्याच्या एका धारेवर उभा आहे. असा रोबो सरळ 'सावधान'मध्येच बरा दिसतो, त्याला लढाईची ऐट घेता येत नाही. मोठ्या संचांत ही उणीव नेहमीची, आणि खोक्यावरच्या फोटोत ती कधीच दिसत नाही.

शेवटची परीक्षा रात्रीची. हातात त्याची सगळ्यांत जड बंदूक द्या, हात आडवा करा, एक पाय पुढे टाका आणि झोपायला जा. सकाळी हात खाली आला असेल तर कोपर किंवा खांदा ढिला आहे. कंबरेतून वाकला असेल तर खुबा गेला.

ढिल्या उखळीच्या सांध्याला उपाय सोपा. गोळीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग जोडा. लागलं तर आणखी एक हात. ओलं असतानाच जोडलंत तर सांधा कायमचा चिकटेल. रॅचेट मात्र नेलपॉलिशने सुधारत नाही. तिथे उघडून स्प्रिंग बदलणं किंवा तिच्याखाली पातळ चकती घालणं एवढंच हाती असतं.

"गुडघा जरा टाइट आहे" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. मी झालो नव्हतो. परगावच्या एका विक्रेत्याकडून आलेल्या रोबोचा उजवा गुडघा हलेना. नवीन माल, घट्ट असेल, असं म्हणून मी जोर लावला. कट् असा एकच आवाज आला, पण तो दातांचा नव्हता. मोडलेला गुडघा आतून सुपरग्लूने चिकटवलेला होता, आणि माझ्या जोराने पिनेची भोकं दोन्हीकडून फाटली. शेवटी एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून चार मिलीमीटरची पितळी पिन करून घेतली आणि भोकांच्या जागी नायलॉनच्या चकत्या बसवल्या. त्याने ती पिन उजेडात फिरवून पाहिली आणि विचारलं, "कुठल्या लूमचा पार्ट आहे हा?" गुडघा म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत, नुसता हसला. आपल्या गावात यंत्रमागांमुळे असा बारीक कामाचा हात सहज मिळतो, त्याचा फायदा घ्या. तर घट्ट सांधा दिसला की जोर लावू नका. आधी टॉर्च मारून फटीत चकचकीत ओघळ किंवा पांढरट धुरकटपणा दिसतो का ते बघा. सुपरग्लूची खूण तीच.

पायरी ५ : शहर करून पाहा

पत्रक समोर ठेवून एकदा पूर्ण बदल करा. वेळ लागेल, लागू द्या. मला यात तीन गोष्टी बघायच्या असतात. बदलताना एखादा भाग दुसऱ्याला घासून रंग खरवडतो का? शहर झाल्यावर भाग एकमेकांत खटकन बसतात, की नुसते शेजारी टेकून राहतात? आणि ते शहर वाटतं, की 'रोबो पालथा पडलाय' असं वाटतं?

तिसऱ्यात बरेच मोठे संच नापास होतात, हे माझं स्पष्ट मत. उतार हवेत, दार उघडायला हवं, छोट्या गाड्या आत शिरायला हव्यात. ट्रान्सफॉर्मर्समध्ये हातातल्या बंदुकीच्या दांड्याचं माप सहसा पाच मिलीमीटर असतं, त्यामुळे शहराच्या भिंतींवर त्या मापाची भोकं जितकी जास्त, तितकं तुमच्या जुन्या रोबोंचं सामान तिथे लावता येतं. घरातली एखादी बंदूक घेऊन दोन-चार भोकांत घालून पाहा. सैल बसली किंवा शिरलीच नाही तर माल डुप्लिकेट असण्याचीही शक्यता असते.

हाता-पायांची मागची बाजूही बघा. खर्च वाचवायला ती पोकळ सोडतात. जमवणाऱ्याने भिंतीकडे पाठ करून ठेवला की झालं. खोलणाऱ्याला ती पोकळी म्हणजे पर्वणी, दिव्याच्या वायरी तिथूनच नेता येतात.

पायरी ६ : प्लास्टिक ओळखा

कडक, टकटक वाजणारं, रंग चांगला धरणारं ते एबीएस. अंग बहुतेक त्याचंच. बंदुका, शिंगं, टोकदार भाग मऊ पीव्हीसीचे. पिना आणि काही सांधे गुळगुळीत, जरा तेलकट लागणाऱ्या पॉलिॲसिटलचे. यावर ना रंग टिकतो ना गोंद.

वाकडी तलवार पाहून भाव पाडा, पण घाबरू नका. मऊ पीव्हीसी गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ करायचं आणि लगेच गार पाण्यात धरायचं. सरळच राहतं.

पिनांच्या भोवती गडद प्लास्टिकवर पांढऱ्या रेषा दिसल्या तर तिथे ताण आहे, उद्या तडा तिथेच जाणार. आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदच्या दशकापर्यंतच्या काही खेळण्यांतलं सोनेरी लहरींचं प्लास्टिक आपोआप ठिसूळ होतं, बोटाने हलवलं तरी बिस्किटासारखं तुटतं. त्या काळातला सोनेरी सांधा दिसला तर हलवून पाहायचाच नाही.

पिवळेपणा वेगळा. पांढरं, करडं एबीएस उन्हाने आणि त्यातल्या ज्वालारोधक रसायनांमुळे पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे. हातमोजे घाला, स्टिकर आणि चंदेरी मुलामा असलेले भाग आधी काढून घ्या. मात्र पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो, म्हणून 'एकदम पांढराशुभ्र' जुना रोबो जादा पैशांना घेऊ नका.

पायरी ७ : सेल आणि आवाज

कप्पा उघडा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवट भुकटी असेल तर आत पेन्सिल सेल फुटलेत. अल्कलाइन सेल असतील तर कानकोरणीच्या कापसावर व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा. नवे सेल घालून प्रत्येक बटण दाबा. आवाज चिरका आला तर स्पीकर, दिवा मिणमिणला तर बहुधा गंजलेली वायर. दोन्ही मोबाइल दुरुस्तीवाला करून देतो. बटण सेल असतील तर कप्पा स्क्रूने बंद आहे ना ते पाहा. घरात लहान मूल असेल तर हे आधी.

पायरी ८ : उघडून पाहा

जमवणाऱ्यांनी ही पायरी सोडावी. खोलणाऱ्यांची कसोटी इथेच.

मोठा रोबो चार-पाच ठिकाणी स्क्रूने बांधलेला असला तर आनंद. भाग दाबून बसवलेले किंवा पिना ठोकलेल्या असल्या तर उघडताना तुटणार. काही स्क्रू रंगीत टोप्यांखाली, काही चक्क स्टिकरखाली लपलेले असतात. नखाने स्टिकर हळूच दाबून पाहिला की खड्डा लागतो.

स्क्रूड्रायव्हर योग्य मापाचाच घ्या. लहान टोकाने जोर लावला की फुली झिजते आणि मग तो स्क्रू जन्मात निघत नाही. कुठला स्क्रू कुठला हे लक्षात राहील या भ्रमात राहू नका, पुठ्ठ्यावर पायाचं, हाताचं चित्र काढून स्क्रू त्यातच टोचून ठेवा. परत बसवताना आधी उलटा फिरवा, बारीकसा टक् लागला की मगच सुलटा आवळा. त्याने जुनेच आटे सापडतात, प्लास्टिक नव्याने कापलं जात नाही. घट्ट म्हणजे हाताला अडेपर्यंत, त्यापुढे पाव फेराही नको.

पायरी ९ : रंगाची चाचणी

आधी भांड्याच्या साबणाने धुवा, साच्यातून काढताना लावलेलं तेल अंगावर असतं. मग आतल्या, न दिसणाऱ्या भागावर रंगाचा ठिपका देऊन दोन दिवस थांबा. मऊ पीव्हीसीवर इनॅमल दिलंत तर तो वाळतच नाही, महिनाभराने हात लावला तरी चिकटतो. तिथे ॲक्रिलिकच. घासल्या जाणाऱ्या सांध्याच्या तोंडाला रंग देऊ नका, द्यायचाच तर आधी तेवढी जागा बारीक पॉलिश पेपरने उतरवा. रंग आणि थिनरचं पातळ मिश्रण स्क्रूने ताणलेल्या एबीएसमध्ये झिरपलं की भेग जाते, तेव्हा अंगावरच्या खाचांच्या रेघा त्याने गडद करायच्या तर भाग सुटा करून.

स्प्रे करायचा तर वेळ निवडा. मी एकदा मे महिन्यात दुपारी एक वाजता गच्चीवर बसलो होतो. रंग हवेतच वाळून पोहोचला आणि छातीवर पॉलिश पेपरसारखी खरखर झाली. सकाळी सातला तोच डबा, तोच हात, काम लख्ख. पावसाळी दमट दिवशी उलटं होतं, रंगावर पांढरी झाक येते.

थ्रीडी प्रिंट केलेले जादा भाग बसवणार असाल तर पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक घेऊ नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि बंद कारमध्ये किंवा पत्र्याखाली आपल्या उन्हाळ्यात तेवढं तापतंच. पीईटीजी किंवा एबीएस सांगा.

पायरी १० : ठेवायचा कुठे

पत्र्याखालच्या माळ्यावर नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. स्टिकरच्या कडा उचलतात, पीव्हीसी लोंबतं, आणि भार असलेला गुडघा हळूहळू दबतो. खिडकीसमोरही नाही. धूळ मऊ रंगाच्या ब्रशने काढा. बोअरच्या पाण्याने धुतलात तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, शेवटचा हात पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा द्या.

माझा गुडघा बदललेला रोबो दहा महिने शोकेसमध्ये उभा असतो. एप्रिल लागला की सेल काढतो, त्याचं शहर करतो आणि चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवतो. शहराला पाय नसतात, त्यामुळे त्या पितळी पिनेवर भार येत नाही. मृगाचा पाऊस पडला की आईच आठवण करते, "तुझं गाव बाहेर काढ, मला झाडायचंय."